वर्तनवादी अध्ययन उपपत्ती: वर्गात कुठं लागू पडतात, कुठं अडतात?

करवीरची_बाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी प्राथमिक शाळेत शिकवते, तिसरीचा वर्ग आहे. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) देणाऱ्या नव्या मुली बालमानसशास्त्रातलं काही अडलं की माझ्याकडं येतात, आणि दर वेळी मला तीच गोष्ट टोचते. गाईडमध्ये वर्तनवादाचे पाच गुण आणि पाच दोष छापलेले असतात. मुली ते घोकतात, मार्कही पाडतात. पण उद्या समोर पोरं बसली की त्या दहा मुद्द्यांतला एकही हाताशी येत नाही. म्हणून हा धागा.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. पावलोव्ह हा रशियन शरीरशास्त्रज्ञ. त्याला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. कुत्र्यांच्या लाळेचा अभ्यास करताना त्यानं पाहिलं की अन्न तोंडात पडायच्या आधी नुसती चाहूल लागली तरी लाळ सुटते. दोन गोष्टी वारंवार एकत्र आल्या की एकीची प्रतिक्रिया दुसरीलाही जडते, हे अभिजात अभिसंधान. थॉर्नडाइकनं १८९८ मध्ये मांजरं पेटीत कोंडून दाखवलं की ज्या हालचालीनं सुटका होते ती टिकते, बाकीच्या गळून पडतात. वॉटसननं १९१३ मध्ये मांडलं की मानसशास्त्रानं मनाच्या आत डोकवायचं सोडून डोळ्यांना दिसतं त्या वर्तनाचा अभ्यास करावा. हाच वर्तनवाद. स्किनरनं थॉर्नडाइकचं काम पुढं नेलं. एखाद्या वर्तनानंतर काय घडतं त्यावर ते पुन्हा होणार की नाही हे ठरतं, हे त्याचं साधक अभिसंधान.

मला यातला सगळ्यात मोठा गुण वाटतो तो असा की शिक्षकाची नजर बदलते. 'पोरगं आळशी आहे' म्हणून विषय मिटवता येत नाही. ते नेमकं काय करतं, कधी करतं, आणि त्यानंतर मी काय करते, हे बघावं लागतं. माझ्या वर्गात एक मुलगा जूनमध्ये तोंडच उघडत नव्हता. हजेरीलासुद्धा मान खाली. त्यानं नुसतं वर बघितलं तरी मी 'हां, आलास होय' म्हणून पुढं जायचे. मग हात वर केला की. मग ओठ हलले की. 'हजर' ऐकू यायला दिवाळी उजाडली. आता तो उभा राहून गोष्ट सांगतो. मूळ वर्तनाच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येक पावलाला दाद द्यायची आणि हळूहळू अपेक्षा वाढवायची, ही स्किनरचीच पद्धत.

आता दुसरी बाजू. शाळेत वाचनासाठी तारे सुरू झाले. एक पुस्तक वाचलं की तक्त्यावर एक तारा. थोड्याच दिवसांत कपाटातली जाड पुस्तकं कुणी हातात घेईना, आणि पातळ पुस्तकांवर झोंबाझोंबी सुरू झाली. एक मुलगी आधी मधल्या सुट्टीत डबा खाता खाता वाचायची. ती आता पानं उलटता उलटता विचारते, 'बाई, एवढं झालं की तारा देणार काय?'

उपपत्ती तीच, वर्गही तोच. एकीकडं पोरगं उमललं, दुसरीकडं वाचन आटलं. असं का होतं, यावर बोलूया.

पेठेतला

बाई, धागा चांगला काढलाय. पण आमच्या वेळी वर्तनवाद म्हणजे मास्तरांच्या हातातली छडी. पाढा चुकला की सप्पकन हातावर. पाढे पाठ झाले, पण गणिताचं पुस्तक बघितलं की अजून पोटात गोळा येतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेतली मारहाण बंद केली ते उत्तम झालं. या उपपत्तीचा पहिला दोष हाच लिहा.

उंबरठा

पेठेतले दादा, मी समुपदेशनाचं काम करते म्हणून इथं जरा अडवते. छडी स्किनरच्या नावावर टाकू नका. तो आयुष्यभर शिक्षेच्या विरोधात लिहीत राहिला, आणि त्याला कारण होतं. १९३८ च्या त्याच्या पुस्तकात एक प्रयोग आहे. दांडा दाबला की अन्न मिळतं हे शिकलेल्या उंदरांचं अन्न बंद केलं. त्यातल्या काही उंदरांना सुरुवातीला दांडा दाबला की पंजावर फटका बसायचा. त्यांचं दाबणं लगेच कमी झालं. पण फटके थांबल्यावर ते परत सुरू झालं, आणि शेवटी फटके खाल्लेल्या आणि न खाल्लेल्या उंदरांनी दांडा जवळपास सारख्याच वेळा दाबला. म्हणजे शिक्षेनं सवय मोडली नाही, काही काळ दाबून ठेवली. थॉर्नडाइकचंही तसंच. आधी तो म्हणायचा की सुखद परिणामानं सवय जितकी पक्की होते तितकीच त्रासदायक परिणामानं मोडते. १९३० च्या दशकात त्यानं हे विधान बदललं आणि शिक्षेचा भाग बराच सौम्य केला.

पूर्ण बाजू सांगायची तर शिक्षा कधीच चालत नाही असंही नाही. अझ्रिन आणि होल्झ यांनी १९६६ मध्ये मांडलं की शिक्षा पहिल्यापासून तीव्र असेल, ताबडतोब मिळेल आणि एकदाही चुकणार नाही, तर वर्तन थांबतं. पण या अटी पाळायच्या म्हणजे शाळेचा तुरुंग करावा लागेल. आणि तुमच्या पोटातला गोळा? तो पावलोव्हच्या खात्यातला. आकडे आणि वेदना रोज एकत्र आल्या, शरीरानं त्यांची गाठ मारली. मास्तरांना पाढे शिकवायचे होते. तुम्ही पाढे शिकलात आणि भीतीही शिकलात.

टीईटीवाल्या मुलींसाठी एक, कारण हे हमखास चुकतं: ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे. प्रबलन म्हणजे वर्तन पक्कं करणारा परिणाम. नकोशी गोष्ट काढून घेतल्यानं वर्तन वाढतं ते ऋण प्रबलन. बाजारात पोरगं भोकाड पसरतं, आई मोबाइल देते, ते गप्प होतं. पोराला मोबाइल मिळाला, हे धन प्रबलन. आईची कटकट थांबली, हे ऋण प्रबलन. दोघांचंही वर्तन पक्कं झालं, म्हणून पुढच्या बाजाराला तेच घडतं.

गंगावेसकर

लई भारी चर्चा. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या म्हशी हैत, त्यामुळं पावलोव्हचं वाचून लगेच डोळ्यासमोर गोठा आला. पहाटे बादलीचा आवाज झाला, आंबोण पुढ्यात आलं, की कासेला हात लागायच्या आत म्हस पान्हा सोडती. नवखं माणूस धारंला बसलं की पान्हा चोरती. ढोरांचं डॉक्टर सांगत्यात की ह्यात हार्मोनचं काम असतंय. म्हणजे सवय नुसती डोक्यात न्हाई, रक्तापर्यंत जाती.

दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडं म्हशी सजवून मोटरसायकलच्या मागनं पळवत्यात, सगळ्यांनी बघितलंय. ती सवय रेडकू असल्यापासनं लावाय लागती. गाडीचा आवाज, मालकाची हाक, आणि पोचल्यावर पेंड. पण माझा प्रश्न असाय की एकाच गोठ्यातल्या दोन म्हशींस्नी सारखीच पेंड, सारखाच माणूस. एक गाडीमागनं वाऱ्यागत सुटती, दुसरी कडंला हिरवं दिसलं की तोंड घालून हुबी राहती. मग वर्तनवाद म्हणतोय तसं सगळं सवयीनंच ठरतंय काय?

उंबरठा

गंगावेसकर दादा, तुमचा प्रश्न या उपपत्तीच्या वर्मावर बसतो. केलर आणि मॅरियन ब्रेलंड हे स्किनरच्याच हाताखाली तयार झालेलं जोडपं. त्यांनी जनावरं शिकवण्याचा धंदाच काढला. डुकरांना लाकडी नाणी उचलून गल्ल्यात टाकायला शिकवलं. सुरुवातीला छान जमलं. मग डुकरं नाणं वाटेतच टाकून नाकाडानं उकरायला लागली. पुन्हा उचलायची, पुन्हा टाकायची. खाणं उशिरा मिळत होतं तरी हेच. रॅकूनना तेच काम दिलं तर ते नाणी हातात घासत बसायचे. ब्रेलंड यांनी हे १९६१ मध्ये छापलं. शिकवलेलं वर्तन हळूहळू उपजत वर्तनाकडं घसरतं, असा त्यांचा निष्कर्ष.

१९६६ मध्ये गार्सिया आणि कोएलिंग यांनी उंदरांवर दाखवलं की चवीची गाठ मळमळीशी पटकन बसते, विजेच्या झटक्याशी बसत नाही. आवाज आणि उजेडाचं नेमकं उलट. म्हणजे कुठलीही खूण कुठल्याही परिणामाला जोडता येते हे म्हणणं टिकलं नाही. प्रत्येक जीव काही गोष्टी शिकायची तयारी घेऊनच जन्मतो. तुमची हिरव्याला तोंड लावणारी म्हैस काही अडाणी नाही.

लालमाती

मी काही मानसशास्त्र शिकलेलो नाही. तालमीत वाढलो, आता पोरांना शिकवतो. तेवढ्यावरून बोलतो.

जोर, बैठका, दोरी चढणं हे सगळं सवयीचं काम. तिथं वस्तादाची शाबासकी, खुराक, रोजची वेळ यानं पोरगं घडतं. वर्तनवाद इथं शंभर टक्के लागू. पण डाव तसा येत नाही. लहान पोरं आखाड्याच्या कडेला बसून मोठ्यांची लढत बघत असतात. त्यांना कुणी शाबास म्हणत नाही, खायला देत नाही. ती नुसती बघतात. आणि एखाद्या दिवशी जोड लावली की असं पोरगं एकदम एकलंगी काढतं. कधी शिकलं? कुणी बक्षीस दिलं? मी बघितलंय, पाय टाकायच्या आधी पोराची नजर समोरच्याच्या खांद्यावर जाते, म्हणजे कुठं वजन पडलंय हे त्यानं ताडलेलं असतं. हे ताडणं कुठल्या प्रबलनात बसवायचं ते सांगा.

पेठेतला

भावा, मुद्दा पटला. खासबागेत बसून कुस्ती बघणारा माणूस घरी येऊन पोरांना डाव समजावतो, स्वतः कधी लंगोट बांधला नसला तरी.

रंकाळाकाठ

मी अध्यापक महाविद्यालयात शिकवतो. लालमाती यांच्या प्रतिसादानं चर्चा जिथं आणली तिथंच बाईंच्या ताऱ्यांचंही उत्तर आहे असं मला वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

टोलमन आणि होन्झिक यांनी १९३० मध्ये उंदरांचे तीन गट चक्रव्यूहात सोडले. पहिल्याला शेवटी रोज अन्न. दुसऱ्याला कधीच नाही. तिसऱ्याला पहिले दहा दिवस काही नाही, अकराव्या दिवसापासून अन्न. दहा दिवस तिसरा गट नुसता भटकत होता, चुकाही भरपूर. अकराव्या दिवशी अन्न मिळालं आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या चुका पहिल्या गटाइतक्या खाली आल्या. एका खाण्यात सगळा रस्ता शिकला म्हणायचं का? नाही. रस्ता त्या दहा दिवसांत शिकून झाला होता. दाखवायला कारण नव्हतं, ते अकराव्या दिवशी मिळालं. टोलमन याला सुप्त अध्ययन म्हणतो.

बघून शिकण्याचा अभ्यास करणाऱ्या बांडुराचा बोबो बाहुल्याचा १९६१ चा प्रयोग सगळ्यांना पाठ असतो, पण मला १९६५ चा जास्त मोलाचा वाटतो. मुलांनी चित्रफितीत एका मोठ्या माणसाला बाहुल्याला बडवताना पाहिलं. काहींच्या फितीत त्याला शेवटी बक्षीस मिळालं, काहींच्या फितीत शिक्षा, काहींच्यात काहीच नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. मग सगळ्यांना सांगितलं की त्यानं काय काय केलं ते करून दाखवलंत तर खाऊ मिळेल. तिन्ही गटांनी जवळपास सारखंच करून दाखवलं. शिकली सगळीच होती.

या दोन प्रयोगांतून मला कळतं ते असं: बक्षीस आणि शिक्षा प्रामुख्यानं करण्यावर चालतात. शिकणं त्यांच्याशिवायही होतं. स्किनरला वर्तनच मोजायचं होतं म्हणून त्याच्या उपपत्तीत हे दोन वेगळे उरत नाहीत, आणि गाईडमधले पाचही दोष इथून निघतात. बाईंच्या पहिल्या मुलाला 'हजर' म्हणता येत होतं, म्हणवत नव्हतं. अडचण करण्याची होती, म्हणून उपपत्ती चपखल बसली. तालमीतल्या बैठकाही करण्याच्या. ताऱ्यांच्या बाबतीत मात्र पोरं आधीच वाचत होती, आवडीनं वाचत होती. तिथं तारा काय करणार?

लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये नेमकं हेच तपासलं. बालवाडीतली रंगीत पेनांनी चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. पुढं मोकळ्या वेळेत ती पेनं समोर ठेवली. ठरवून बक्षीस घेतलेली मुलं बाकीच्यांच्या सुमारे निम्माच वेळ त्यांच्याकडं वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड शाबूत होती.

यावर पुढं मोठा वाद झाला. कॅमेरॉन आणि पिअर्स यांनी १९९४ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून म्हटलं की बक्षिसांचं नुकसान फुगवून सांगितलं जातं. डेसी, कोएस्टनर आणि रायन यांनी १९९९ मध्ये १२८ अभ्यास तपासून त्यांना उलट उत्तर दिलं. पण दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या गोष्टी आहेत. तोंडी, मनापासूनची दाद नुकसान करत नाही. अनपेक्षित बक्षीस करत नाही. मुळातच कंटाळवाण्या कामाला दिलेलं बक्षीस आवड मारत नाही, कारण मारायला आवड नसतेच. म्हणजे बाई, पाढ्यांना तारे ठेवा, वाचनाचे काढा.

करवीरची_बाई

सर, खूप आभार. तारे एकदम काढले तर पोरं वाचायचंच सोडतील अशी धास्ती आहे. शिवाय मुख्याध्यापकांना तक्ता भरलेला दिसायला हवा असतो. तक्त्यावर पुस्तकांची संख्या लिहायची बंद करून पोरांनी आवडलेल्या पुस्तकातलं एक वाक्य लिहायचं असं करून बघते.

रंकाळाकाठ

बक्षीस थांबलं की सुरुवातीला तेच वर्तन उसळी मारतं, मागणी, चिडचिड, रुसवे होतात, मग ओसरतं. त्या काळात डगमगून मधेच एखादा तारा देऊ नका. अधूनमधून मिळणारं बक्षीस सवय सगळ्यात चिवट करतं, हे फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्येच सविस्तर दाखवलंय. तुमची वाक्याची कल्पना आवडली.

शब्दवेडी

भाषेचं कुणी काढलं नाही म्हणून लिहिते. स्किनरनं १९५७ मध्ये भाषाही प्रबलनानंच येते असं मांडलं आणि १९५९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीनं त्यावर कडाडून टीका केली. माझा भाचा अडीच वर्षांचा असताना 'मी करलं', 'बाबा जाला' म्हणायचा. घरात असं कुणी बोलत नाही. ऐकलेलं नाही, त्यासाठी कधी शाबासकी मिळाली नाही, तरी पोरगं बोलतंय, आणि त्यात नियम आहे: बसलं, पडलं, म्हणून करलं. पोरानं नियम स्वतः काढला. नक्कल आणि बक्षीस एवढ्यानं हे सुटत नाही.

निशिगंध

मी एका स्वमग्न मुलाची आई आहे. इथं गुण-दोष वाचताना दोन्ही आमच्या घरातले वाटले.

वर्तनावर आधारित थेरपीनं माझ्या मुलाला पाणी मागायला शिकवलं. आधी तो तहान लागली की भिंतीवर डोकं आपटायचा, आम्हाला कळायचंच नाही. त्यानं पेल्याचं चित्र आमच्या हातात दिलं की लगेच पाणी, दर वेळी, न चुकता. काही दिवसांनी तो चित्र घेऊन माझ्या मागं स्वयंपाकघरात आला. त्या दिवसाचं मोल मी कुणाला समजावून सांगू शकत नाही. पण त्याच ठिकाणी त्याला डोळ्यात डोळे घालून बघायला लावायचे, हात हलवले की दाबून धरायचे. तो रडून रडून झोपायचा. कागदावर प्रगती दिसत होती. आम्ही ती जागा सोडली. आता दुसऱ्या बाई आहेत, त्या त्याला काय हवंय तिथून सुरुवात करतात.

वर्तन कमी झालं एवढंच मोजलं तर ते वर्तन पोर का करत होतं हा प्रश्न राहून जातो. हा दोष माझ्यासाठी सगळ्यात मोठा.

उंबरठा

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. या थेरपीला नाव मिळवून देणाऱ्या लोवासच्या १९८७ च्या अभ्यासात १९ पैकी ९ मुलं सर्वसाधारण शाळेत जमवून घेऊ लागल्याचं म्हटलंय, पण त्यात जोरात 'नाही' म्हणून ओरडणं, मांडीवर चापट असे प्रकारही होते. आज मोठे झालेले स्वमग्न लोक त्याविरुद्ध बोलतात आणि त्यांचं ऐकलं पाहिजे. वर्तनाचं कारण आधी शोधायचं, मग शिकवायचं, हा बदल या शाखेत नंतर आलाय. सगळीकडं पोचलेला नाही.

पेठेतला

सगळं वाचून एक विचार आला. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. ही शिक्षाच. मग ती वाईट म्हणायची का?

रंकाळाकाठ

चांगला प्रश्न. दंड पालकाला होता, पोराला नाही, हा पहिला फरक. आणि पालकाकडून हवं होतं ते एकच, सहज दिसणारं वर्तन: पोरगं शाळेत पाठवणं. अशा ठिकाणी दंड काम करू शकतो. पण महाराज दंडावर थांबले नाहीत. फी काढून टाकली, गावोगाव शाळा काढायला लावल्या, १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी कोल्हापुरात वसतिगृहं उभी राहिली. म्हणजे शाळेत जाणं अवघड करणाऱ्या गोष्टीच बाजूला केल्या. स्किनरनं माणसाभोवतीची परिस्थिती बदला असं म्हटलं त्याच्या कितीतरी आधी. नुसता दंड लावून शाळा, फी, राहायची सोय यांचं काही केलं नसतं तर तो गरिबाला आणखी एक भुर्दंड ठरला असता.

गंगावेसकर

सर, ताई, एक घरचं इचारतो. पुतणीला गल्लीतलं कुत्रं चावलं. लशीचा कोर्स पुरा झालाय. पण आता कुत्रं सोडा, मांजर दिसलं तरी पोरगी थरथरती. घरातली म्हणत्यात एकदा धरून कुत्र्याम्होरं हुबी करा, भीती जाईल. करावं का?

उंबरठा

दादा, धरून अजिबात उभं करू नका. मांजरापर्यंत भीती पसरणं हे होतंच. वॉटसन आणि रेनर यांनी १९२० मध्ये अल्बर्ट नावाच्या तान्ह्या बाळाला पांढरा उंदीर दाखवून मागं लोखंडी दांड्यावर हातोडा मारला. बाळ पुढं सशाला, कुत्र्याला, फरच्या कोटालाही घाबरू लागलं. आणि ती भीती न घालवताच प्रयोग संपवला. या शाखेवरचा तो डागच आहे.

पण घालवायची वाटही याच शाखेनं दाखवली. मेरी कव्हर जोन्सनं १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाला आवडीचं खाणं देत ससा खोलीत लांब ठेवला, आणि हळूहळू जवळ आणला. शेवटी तो सशाला हात लावू लागला. तुम्ही तसंच करा. आधी कुत्र्याची चित्रं, ती तिच्या आवडीच्या गोष्टीसोबत. मग गच्चीवरून खाली रस्त्यावरचं कुत्रं बघणं. मग ओळखीतलं, बांधलेलं, शांत, लस दिलेलं कुत्रं, लांबून. प्रत्येक पायरीवर ती निवांत झाली की मगच पुढची, आणि पुढं कधी जायचं ते तिला ठरवू द्या. मधे खंड पडला तर भीती थोडी परत डोकं काढेल. पावलोव्हच्या कुत्र्यांमध्येही विझलेला प्रतिसाद विश्रांतीनंतर परत आला होता. तेव्हा घाबरू नका, एक पायरी खाली या आणि तिथून परत सुरू करा. महिना-दोन महिन्यांत फरक दिसला नाही किंवा पोरगी घराबाहेरच पडेनाशी झाली तर समुपदेशकाला दाखवा.